स्वयंसेवक केंद्र : सेवेच्या इच्छेला दिशा देणारी व्यवस्था

सेवा करू इच्छिणारी व्यक्ती आणि सेवेची गरज असणारी व्यक्ती किंवा संस्था, या दोघांची गाठ घालून देणारे ठिकाण म्हणजे स्वयंसेवक केंद्र. असे केंद्र स्वतः रुग्णालय किंवा शाळा चालवीत नाही. कोणाजवळ किती वेळ व कोणते कौशल्य आहे आणि त्याची गरज कोठे आहे, याची नोंद ठेवणे हे त्याचे मुख्य कार्य होय.

पार्श्वभूमी

उल्हासनगर परिसराला सेवाकार्य नवीन नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीत 1947 च्या फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आसरा मिळाला. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी या वसाहतीचे ‘उल्हासनगर’ असे नामकरण केले. एकाच बराकीत राहणाऱ्यांना परस्परांची अडचण सांगावी लागत नसे. आज अंबरनाथ-बदलापूरच्या नव्या संकुलांत पहाटेची लोकल पकडून रात्री परतणाऱ्या माणसाला शेजारच्या दारामागचे आजारपण कळतही नाही. शेजारधर्माची इच्छा आहे, परंतु ओळख उरलेली नाही. ही उणीव केंद्राने भरून काढावयाची असते.

पुराचा धडा

27 जुलै 2019 रोजी उल्हास नदीच्या पुरामुळे महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान अडकली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल व पोलीस यांच्या जोडीला स्थानिक ग्रामस्थही धावून आले आणि सुमारे 1,050 प्रवासी सुखरूप बाहेर पडले. अशा प्रसंगी मदतीचे हात कमी पडत नाहीत. परंतु पाणी ओसरल्यावर घरातील चिखल काढणे, भिजलेल्या शिधापत्रिका नव्याने मिळवून देणे, एकाकी वृद्धांना औषधे पोहोचविणे ही कामे आठवडेच्या आठवडे चालतात. त्या वेळी आधीच तयार असलेली यादीच उपयोगी पडते.

कार्यपद्धती

केंद्राचे काम चार टप्प्यांत चालते : नावनोंदणी, गरजांची पाहणी, प्रशिक्षण आणि पाठपुरावा. लहान मुलांत किंवा रुग्णांत काम करणाऱ्यांची पूर्वचौकशी करणे अत्यावश्यक आहे. जबाबदारी लेखी सांगावी आणि प्रवासखर्चाचा भार गरीब स्वयंसेवकावर पडू देऊ नये.

या बाबतीत राष्ट्रीय सेवा योजनेचा नमुना आपल्यासमोर आहे. 24 सप्टेंबर 1969 रोजी 37 विद्यापीठांतील 40,000 विद्यार्थ्यांसह ती सुरू झाली. तिच्या स्वयंसेवकाने वर्षाला 120 तास सेवा करावी, असा दंडक आहे. तासांची नोंद असल्यामुळे सेवा ही केवळ लहर न राहता शिस्त बनते.

धर्मग्रामासाठी

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात, रोजच्या अन्नवाटपात काही विधवांची उपेक्षा होत असल्याची तक्रार आली, तेव्हा प्रेषितांनी त्या कामासाठी सात जणांची नेमणूक करविली. सद्भावनेला व्यवस्थेची जोड लागते, हे आरंभीच्या ख्रिस्तसभेने तेव्हाच ओळखले होते.

आपल्या धर्मग्रामासाठी मोठ्या कार्यालयाची आवश्यकता नाही. एक नोंदवही, एक दूरध्वनी आणि आठवड्यातून दोन ठरावीक संध्याकाळी तेथे बसणारी जबाबदार व्यक्ती एवढे आरंभास पुरेसे आहे. नोंदवही मात्र सर्व धर्मांच्या शेजाऱ्यांसाठी खुली असावी आणि पावसाळ्यापूर्वी तयार असावी, असे आम्ही आग्रहाने सुचवितो.