महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिल

अधिवक्ता अधिनियम, १९६१ अन्वये काम करणारी वकिलांची वैधानिक संस्था. मुख्यालय मुंबई. महाराष्ट्र व गोव्याखेरीज दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव हे भागही तिच्या कक्षेत येतात. वकिलांची नोंदणी करून सनद देणे आणि गैरवर्तनाच्या तक्रारी शिस्तपालन समितीपुढे चालवणे ही तिची मुख्य कामे. समिती वकिलाला ताकीद देऊ शकते, त्याची सनद काही काळ निलंबित करू शकते किंवा त्याचे नाव नोंदवहीतून वगळू शकते. तक्रार वर्षभरात निकाली निघाली नाही तर ती भारतीय बार कौन्सिलकडे जाते.

अलीकडचा सर्वांत दूरगामी निर्णय नोंदणी शुल्काचा. कायद्याने सर्वसाधारण उमेदवारासाठी राज्य परिषदेचे ६०० व भारतीय बार कौन्सिलचे १५० रुपये एवढेच शुल्क ठरवले आहे. प्रत्यक्षात देशभरातील परिषदा निरनिराळ्या नावांखाली हजारो रुपये घेत. ‘गौरव कुमार’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी ही जादा आकारणी बेकायदा ठरवली. आधी भरलेले पैसे मात्र परत मिळणार नाहीत. गरीब घरातून आलेल्या नवोदितांना हा दिलासा उशिराच मिळाला, असे म्हणावे लागेल.

त्याआधी, १४ मे २०२४ रोजी, वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेबाहेर असल्याचा निर्वाळा त्याच न्यायालयाने दिला. त्यामुळे सेवेतील त्रुटीसाठी पक्षकाराला ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही; व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार बार कौन्सिलकडेच करावी लागते.