अजाण मूल, अपघात आणि कायदा

मांडव्य ऋषींची कथा आपण बहुतेकांनी कीर्तनातून ऐकली आहे. चोरीचा खोटा आळ येऊन राजाने त्यांना सुळावर चढविले. कोणत्या पापाचे हे फळ, असा जाब त्यांनी यमधर्माला विचारला. लहानपणी तुम्ही किड्यांना काडी टोचली होती, असे उत्तर मिळाले. ऋषी संतापले. त्यांनी यमधर्माला विदुराचा जन्म घ्यावयास लावले आणि चौदा वर्षांपर्यंतच्या कृत्याचे पातक लागणार नाही, अशी मर्यादा घातली.

इंग्रजी अमदानीत ही मर्यादा खाली आली. १८६० च्या दंडसंहितेने सात वर्षांखालील मुलाचे कृत्य गुन्हा मानले नाही. सात ते बारा या वयात मुलाला परिणामाची समज होती काय, हे पाहावयास सांगितले. निजामी अमलाखालून सुटलेल्या मराठवाड्यात ही संहिता १९५१ साली आली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तरी हे दोन आकडे कायम आहेत.

आता १८८१ चा पहिला कारखाना कायदा पाहा. त्याने सात वर्षांखालील मुलांना कामास मनाई केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तास राबविण्याची मुभा दिली. म्हणजे ज्या मुलाच्या समजेविषयी फौजदारी न्यायाधीशाने शंका घ्यावयाची, त्याच मुलाला फिरत्या पट्ट्याजवळ उभे करणे कायदेशीर होते! चार महिन्यांहून कमी चालणारे हंगामी कारखाने तर या कायद्याबाहेरच राहिले. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत कामगारांच्या सभा भरविल्या. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा, ही त्यांतील एक मागणी होती. अपघाताचा भार जखमी माणसाच्या माथी मारू नये, हा विचार आपल्याकडे कामगारांनी असा मांडला.

नांदेडची गिरणी असो की लातूरचे जिन, अपघात झाला की ‘पोरानेच हात घातला’ हे वाक्य सोयीचे पडते. पण हात घालता येईल असे यंत्र उघडे कोणी ठेवले, आणि पोर तेथे आणले कोणी?

कोणी म्हणेल, मुलाने मारलेल्या दगडाने डोळा गेला, तर त्या माणसाने काय करावे? त्याला भरपाई मिळालीच पाहिजे; परंतु ती देखरेख करणाऱ्या मोठ्या माणसाकडून वा विम्यातून मिळावी. जर्मनीच्या दिवाणी संहितेत सात वर्षांखालील मुलावर भरपाईचे दायित्व नाही; मोटारीच्या अपघातांपुरती ही मर्यादा २००२ साली दहा वर्षांवर नेली. वाहनाचा वेग व अंतर लहान मुलाला अजमावता येत नाही, हे त्यामागील कारण. आपल्याकडेही २०१९ च्या दुरुस्तीने, अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकाला वा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड ठरविला.

१९५० च्या राज्यघटनेने चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात व खाणीत कामाला लावण्यास बंदी केली. मांडव्यांचा आकडाही चौदाच. ज्याच्या हाती यंत्र, वाहन आणि नफा, त्याच्याच माथी जबाबदारी. मुलाच्या वाट्याला शिकवण यावी, शिक्षा नव्हे.