मालोजीराजांचे गुरू

तुकोबांच्या पालखीचा सोहळा त्यांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये सुरू केला. देहूहून पालखी निघाली की वाटेत पहिली आरती होते ती अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी. टाळमृदंगाच्या गजरात हे सहज घडून जाते आणि वारकऱ्यांना त्याचे नवल वाटत नाही. पुढे बारामती, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी असे मुक्काम करीत पालखी इंदापुरास पोहोचते.

इंदापुरात मालोजीराजे भोसल्यांची गढी आहे, तसा चांदशावली बाबांचा दर्गाही आहे. शिवछत्रपतींचे हे आजोबा इंदापूरच्याच लढाईत कामी आले, असे परंपरा सांगते. तेव्हा वारकऱ्याने येथे क्षणभर थांबून त्यांचे स्मरण करावे.

मालोजी शंभुमहादेवाचे निस्सीम भक्त. वेरूळच्या घृष्णेश्वराचा त्यांनी जीर्णोद्धार केला. शिखर शिंगणापूरच्या डोंगरावर यात्रेकरूंचे पाण्यावाचून हाल होत, म्हणून तेथे मोठा तलाव बांधविला. आणि या शिवभक्ताने गुरू केले ते श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना! आपल्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी अशी ठेवली, तीही नगरच्या शाह शरीफ पिरावरून, असे सांगतात.

शेख महंमद जन्माने मुसलमान. त्यांना उपदेश झाला तो चांद बोधल्यांच्या परंपरेतून. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हेही त्याच परंपरेतले मानले जातात. मालोजी गेल्यावर पुष्कळ वर्षांनी, १६४५ मध्ये, शेखबाबांचा 'योगसंग्राम' पुरा झाला. हा १८ प्रसंगांचा ग्रंथ त्यांनी मराठी ओवीत रचला. त्यातला संग्राम परधर्मीयांशी नाही; तो आहे माणसाच्या मनात ठाण मांडून बसलेल्या कामक्रोधादी शत्रूंशी.

या गुरूने शिष्याचा देव बदलला नाही. मालोजी शेवटपर्यंत महादेवाचेच भक्त राहिले. मग शिष्याने गुरूपाशी काय मिळविले? आपला देव न सोडता दुसऱ्याच्या दारी ज्ञान मागावयास जाण्यात कमीपणा नाही, एवढे तर खासच!

आज एखाद्या जुन्या स्थानापुढे उभे राहून 'हे मंदिर की दर्गा?' असा वाद आपण घालतो, तेव्हा मन विषण्ण होते. परंतु आषाढी जवळ येते, पालखी देहूची वेस ओलांडते आणि अनगडशाह बाबांच्या दारी थांबते. अभंग होतो, आरती होते. मग वारकरी पताका खांद्यावर घेऊन पुढच्या मुक्कामाची वाट धरतो.