कबरींमधली ईस्टर पहाट

छत्तीसगडातल्या भिलाईमधल्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांचा ईस्टर चर्चच्या आधी दफनभूमीत सुरू होतो. कबरी आधीच झाडून-धुऊन ठेवलेल्या असतात. रविवारी उजाडण्यापूर्वी मंडळी फुलं-मेणबत्त्या घेऊन येतात, आपल्या माणसापाशी उभी राहतात आणि पुनरुत्थानाची गाणी गातात.

याचं मूळ शुभवर्तमानात आहे. येशूला पुरल्यावर तिसऱ्या दिवशी पहाटे काही स्त्रिया सुगंधी द्रव्यं घेऊन कबरीकडे निघाल्या, त्या प्रेताची राहिलेली सेवा करायला. कबर रिकामी होती.

सगळ्या मंडळीने मिळून आपल्या मृतांमध्ये ही पहाट साजरी करायची, ही रीत मात्र जर्मनीत रुजली. धर्मछळामुळे मोराव्हिया सोडलेल्या कुटुंबांनी १७२२मध्ये सॅक्सनीत, काउंट झिन्झेनडॉर्फच्या जमिनीवर हेर्नहुट हे गाव वसवलं. १७३२च्या ईस्टरला तिथले काही तरुण हुटबर्ग टेकडीवरच्या दफनभूमीत जाऊन गायले. पुढे सारं गाव त्यांच्यामागे टेकडी चढू लागलं. तिथल्या शिळा आडव्या आणि सारख्या. मरणात लहान-मोठा कुणी नाही. १७७२मध्ये ही रीत अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या सेलमला पोहोचली.

इकडे भारतात १८४५मध्ये गोस्नर मिशनचे चार जर्मन मिशनरी रांचीला आले. तिथेही ईस्टरच्या पहाटे दफनभूमी मेणबत्त्यांनी उजळते. १८५७च्या उठावात रांची सोडावी लागलेले त्याच मिशनचे ऑस्कर लोर १८६८मध्ये छत्तीसगडात आले आणि त्यांनी तिथे विश्रामपूर हे गाव वसवलं.

भिलाई त्या मानाने कालचं. पोलाद कारखान्याचा सोव्हिएत संघाशी करार १९५५चा, पहिली झोतभट्टी पेटली १९५९मध्ये. नोकरीसाठी केरळातून, छोटा नागपुरातून, आंध्रातून ख्रिस्ती कुटुंबं आली. त्यांच्या वाडवडिलांच्या कबरी शेकडो कोस दूर राहिल्या. नव्या गावात पहिलं माणूस गेलं, तेव्हा त्याला अनोळखी मातीत ठेवावं लागलं.

अशा घरांसाठी प्रेषित पौलाचं करिंथकरांना लिहिलेलं पत्र फार जवळचं आहे. पेरलेला दाणा आधी मरतो, मग उगवतो, असं तो पुनरुत्थानाविषयी सांगतो. या आशेत रडायला बंदी नाही. आपला मित्र लाजर याच्या कबरीपाशी येशू स्वतः रडला होता. म्हणून भिलाईत गाताना कुणाचा आवाज फुटला तर शेजारचा पुढची ओळ उचलतो. मग एकमेकांना ईस्टरच्या शुभेच्छा देऊन मंडळी चर्चकडे निघतात, आणि ज्यांच्या घरी यंदाच दुःख झालं आहे त्यांना सोबत घेतात.