जयपूरचा एक रंग

सवाई जयसिंगांनी १७२७ मध्ये जयपूर वसवले. विद्याधर भट्टाचार्य यांनी त्याची चौकटबद्ध आखणी केली. १८७६ मध्ये इंग्लंडच्या युवराजाच्या स्वागतासाठी महाराजा रामसिंग यांनी शहर गुलाबी रंगवून घेतले. बाजारातली दुकाने, हवेल्या, मंदिरे वेगवेगळ्या काळातली. पण रंग आणि कमानी सारख्या असल्याने पाहणाऱ्याला सगळी रांग सलग, एकाच इमारतीसारखी वाटते. सारख्या दिसणाऱ्या गोष्टींचा मन आपोआप गट बांधते, हे तत्त्व मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्थायमर यांनी १९२३ मध्ये मांडले. १७९९ च्या हवामहालातही हेच घडते. शेकडो झरोके नजरेत येण्याआधी डोळ्यांत भरतो तो मुकुटासारखा एकसंध आकार. शास्त्राने नियम सांगण्याआधीच कारागिरांनी तो साधला, ही थोर गोष्ट. २०१९ मध्ये युनेस्कोने जयपूरला जागतिक वारशात स्थान दिले.