घरगुती बीअरनिर्मिती

विक्रीसाठी नव्हे, तर स्वतःच्या वापरासाठी घरी धान्यापासून बीअर तयार करण्याची प्रथा. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये हे काम मुख्यत्वे स्त्रियांकडे असे. सतराव्या शतकात माल्ट (मोड आणून वाळविलेले सातूचे दाणे) कोकच्या आचेवर वाळविण्यास प्रारंभ झाला. धूर टळल्याने फिकट माल्ट व त्यापासून फिकट बीअर मिळू लागली.

पुढे मोठे कारखाने व कर यांमुळे ही प्रथा मागे पडली. ब्रिटनमध्ये माल्टवरील कर १८८० मध्ये रद्द झाला. तथापि घरगुती बीअरसाठी परवाना आवश्यक ठरला. ती अट १९६३ मध्ये उठली. अमेरिकेतील दारूबंदी (१९२०–३३) संपल्यावर घरगुती वाइनला मुभा मिळाली, बीअरला मात्र नाही. अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या १९७८ मधील स्वाक्षरीने तीही मिळाली. तथापि अंतिम अधिकार राज्यांकडे राहिल्याने अलाबामा व मिसिसिपी येथे २०१३ पर्यंत बंदी होती.

माल्ट घरी भरडताना त्याचे पीठ करीत नाहीत. दाणा फुटावा, पण टरफल शक्यतो अखंड राहावे, असे पाहतात. कारण गोड द्रव त्या टरफलांच्या थरातूनच गाळला जातो. घरगुती प्रयोगांतूनच अमेरिकेतील अनेक लहान कारखाने उदयास आले. केन ग्रॉसमन यांनी सहसंस्थापक म्हणून कॅलिफोर्नियात उभारलेला सिएरा नेव्हाडा हा कारखाना (१९८०) त्यांपैकी विशेष प्रसिद्ध होय.