बारा दिवसांचा डास

14 ऑगस्ट 1881. हवाना शहरातल्या विज्ञान अकादमीच्या सभेत तुम्ही मागच्या रांगेत बसला आहात. उकाड्याने जीव नकोसा झालाय. समोर सत्तेचाळीस वर्षांचे डॉक्टर कार्लोस फिनले निबंध वाचताहेत. मधूनच ते अडखळतात. हा तोतरेपणा जुनाच आहे. पण म्हणणं स्वच्छ आहे. पीतज्वर रोग्याच्या कपड्यांतून पसरत नाही, घाणीतून नाही, दूषित हवेतूनही नाही. तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेतो एक डास. फिनलेंनी त्या डासाची जातही नेमकी सांगितली आहे.

निबंध संपतो. तुम्ही प्रश्नांची वाट बघता. एकही प्रश्न येत नाही. कागद दप्तरी जमा होतात आणि मंडळी पांगतात.

तुम्ही पुढच्या काळातून आलात, म्हणून तुम्हाला माहीत आहे की हा माणूस बरोबर आहे. त्याचं कुठे अडणार आहे, तेही तुम्ही जाणता. फिनले काचेच्या नळीत डास धरतात, नळीचं तोंड रोग्याच्या दंडाला लावून त्याला रक्त पिऊ देतात आणि थोड्याच दिवसांत तोच डास निरोगी माणसाला चावायला लावतात. बहुतेकांना काहीच होत नाही. कारण पीतज्वराच्या रोग्याच्या रक्तात विषाणू भरपूर असतो तो पहिले तीन-चार दिवस. पुढे डासाच्या पोटात गेलेला विषाणू आधी आतड्याच्या भिंतीत वाढतो, मग अंगभर पसरतो आणि शेवटी लाळेच्या ग्रंथीत पोचतो. या प्रवासाला हवानातल्या उन्हाळ्यात साधारण बारा दिवस लागतात. तोवर तो डास चावून चावून थकला तरी रोग देत नाही. फिनलेंच्या हाती गुन्हेगार आहे. फक्त ही मुदत त्यांना ठाऊक नाही आणि त्यापायी पुढची जवळपास वीस वर्षं लोक त्यांना नादिष्ट समजणार आहेत.

आता या 1898 मध्ये, अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात. ऑरवूड आणि टेलर ही दोन खेडी. घरं दूरदूर, त्यामुळे कोण कुणाकडे कधी गेलं हे सगळ्यांना पक्कं आठवतं. हेन्री कार्टर नावाचे डॉक्टर घरोघर फिरून फक्त तारखा टिपताहेत. त्यांच्यासोबत वही चाळा. ज्या घरात पहिला रोगी नुकताच आजारी पडलाय, तिथे भेटायला आलेले पाहुणे ठणठणीत राहतात. त्याच घरात दोन-तीन आठवड्यांनी आलेले मात्र आजारी पडतात, मग पहिला रोगी तोवर दगावलेला का असेना. म्हणजे त्या घरात मधल्या काळात काहीतरी पिकत होतं. ते काय, हे कार्टर सांगू शकत नाहीत. पण फिनलेंना न सापडलेला आकडा त्यांच्या वहीत आहे. मला या कामाचं फार अप्रूप वाटतं. सूक्ष्मदर्शक नाही, प्रयोगशाळा नाही, नुसती लोकांना नीट विचारलेली तारीख.

ऑगस्ट 1900. पुन्हा हवाना. स्पेनचं राज्य जाऊन बेटावर अमेरिकी लष्कर आलंय आणि सैनिक पीतज्वराने मरताहेत. वॉल्टर रीड, जेम्स कॅरोल, जेसी लाझिअर आणि अरिस्तिदेस आग्रामोंते या चार डॉक्टरांचं मंडळ नेमलं गेलंय. फिनले आता सदुसष्टीला टेकलेत. त्यांनी आपल्याकडची डासाची अंडी या मंडळाच्या स्वाधीन केली आहेत. वाका आणि बघा. पाण्याच्या काठाला ओळीने चिकटलेले काळे, लांबुळके ठिपके, खसखशीच्या दाण्यापेक्षाही बारीक. पाणी आटलं तरी ते महिनोन्महिने जिवंत राहतात आणि पुन्हा भिजले की त्यातून अळ्या निघतात. पुढे निघालेला डास तुमच्या चांगल्या ओळखीचा आहे: काळा, पायांवर पांढरे पट्टे, भरदिवसा चावणारा. एडिस इजिप्ती.

लाझिअरचे पहिले प्रयत्न फसतात. त्याने स्वतःलाही चावून घेतलंय. काही झालं नाही, कारण डास अजून कच्चे आहेत. 27 ऑगस्टला कॅरोल आपला हात पुढे करतो. त्याला चावणाऱ्या डासाने रोग्याचं रक्त पिऊन बारा दिवस झालेत. चारच दिवसांत कॅरोल अंथरुणाला खिळतो, मरणाच्या दारातून परत येतो. सप्टेंबरमध्ये लाझिअर आजारी पडतो. तुम्ही त्याच्या खाटेपाशी उभे आहात. डोळे पिवळे, काळ्या उलट्या, वात. 25 सप्टेंबरला तो जातो, चौतिसाव्या वर्षी. घरी बायको, एक लहान मूल आणि दुसरं नुकतंच जन्मलेलं, ज्याचं तोंडही त्याने पाहिलेलं नाही.

रीड आता शंकेला जागाच ठेवायची नाही असं ठरवतात. केमादोस गावाजवळ माळावर तंबू उभे राहतात. छावणीला नाव लाझिअरचं. तिथे चौदा बाय वीस फुटांच्या दोन लाकडी खोल्या आहेत. 30 नोव्हेंबरच्या संध्याकाळी पहिलीत शिरा. मुद्दाम हवा कोंडलेली, शेगडीने तापवलेली. एक डॉक्टर आणि दोन शिपाई पेट्या उघडतात. आत रोग्यांच्या चादरी, उशांचे अभ्रे, सदरे, उलटीने आणि विष्ठेने माखलेले, धुवायचे नाहीत म्हणून तसेच बंद करून ठेवलेले. भपकारा असा येतो की तिघंही धडपडत बाहेर पळतात. तुम्हीही. मग ते परत आत जातात, त्याच चादरी अंथरतात आणि निजतात. ओळीने वीस रात्री. कुणालाही साधा ताप येत नाही. शतकभर लोकांनी ज्यांच्या भीतीने अंथरुणं जाळली, ते कपडे निर्दोष निघाले.

दुसरी खोली स्वच्छ, हवेशीर, बिछाने वाफेने निर्जंतुक केलेले. मधोमध जाळीचा पडदा. 21 डिसेंबरला पडद्याच्या एका बाजूला मुदत भरलेले पंधरा डास सोडतात. जॉन मोरान नावाचा तरुण कारकून आत जाऊन अर्धा तास पडून राहतो. पडद्यापलीकडे आणखी दोघं, तीच हवा श्वासात घेत. मोरान नाताळच्या दिवशी तापाने फणफणतो. पलीकडचे दोघं ठणठणीत राहतात. मोरान पुढे बराही होतो. या छावणीत प्रयोगापायी कुणीच दगावलं नाही.

छावणीत स्पेनहून पोट भरायला आलेली तरुण माणसंही होती. त्यांच्याशी लेखी करार झाला: शंभर डॉलर सोन्यात, आजारी पडल्यास आणखी शंभर. धोका कागदावर स्पष्ट लिहिला होता, आणि त्या काळात एवढंही सहसा कुणी करत नसे. तरीही हातावर पोट असलेल्या परक्या मुलखातल्या पोराने केलेली ती सही कितपत मनापासूनची, हा प्रश्न मला सोडवत नाही. पुढच्या ऑगस्टमध्ये हवानातच, वेगळ्या डॉक्टरांच्या प्रयोगात, क्लारा मास ही पंचवीस वर्षांची परिचारिका डास चावून घेऊन मेली.

त्याच 1901 सालात कॅरोलने रोग्याच्या रक्तातला द्रव जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला आणि टोचला. तरी रोग झाला. माणसाच्या रोगामागे विषाणू असल्याचा तो पहिला पुरावा. शहरात मात्र काम सुरूही झालं होतं. विल्यम गॉर्गस यांची माणसं घरोघर पिंपं झाकत होती, डबक्यांवर रॉकेल ओतत होती, रोग्यांच्या खोल्यांना जाळ्या लावत होती. 1900 मध्ये हवानात पीतज्वराने तीनशेहून जास्त माणसं गेली होती. 1902 मध्ये एकही नाही.

आता घरी या. आफ्रिकेतल्या किंवा दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वराच्या देशातून येत असाल तर लशीचा दाखला जवळ ठेवा, नाहीतर सहा दिवस अलग राहावं लागतं. चावल्यापासून ताप येईपर्यंत जास्तीत जास्त तेवढेच दिवस जातात. पीतज्वर भारतात कधी रुजला नाही, पण डास तोच इथे घरोघर आहे. डासांसारख्या कीटकांतून पसरणाऱ्या विषाणूंच्या अभ्यासासाठी पुण्यात 1952 मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने विषाणू संशोधन केंद्र उभं राहिलं, आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. एडिस इजिप्तीनेच 1973 मध्ये बार्शीत चिकुनगुन्याची साथ आणली. 2021 मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला राज्यातला पहिला झिकाचा रोगी सापडला. डेंग्यू तर दर पावसाळ्यात असतोच.

दारात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताई उभ्या आहेत. हातात बॅटरी आणि नोंदवही. त्या रांजणात डोकावतात, कूलर बघतात, फ्रिजच्या मागचा ट्रे ओढायला सांगतात. पाण्याची भांडी रिकामी करायचा कोरडा दिवस आठवड्यातून एकदाच का, तर अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडाभर तरी लागतो. आणि रांजण नुसता उपडा करून भागत नाही. आतून काथ्याने घासावा लागतो, कारण अंडी काठाला चिकटून राहतात.

धुरळणीने उडते डास मरतात. अंडी मरत नाहीत.